इन्व्हर्टर ६४ म्हणतो, ॲप ८३ म्हणतं, मग बॅटरीत नक्की आहे किती?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत परत लिहितो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. घरी ५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर आहे, त्याला ५१.२ व्होल्ट १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन लिथियम बॅटऱ्या आहेत, एक दोन वर्षांपूर्वीची आणि दुसरी आठ महिन्यांपूर्वी पॅरललमध्ये जोडलेली. संध्याकाळी इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर ६४ टक्के दिसतात आणि त्याच मिनिटाला बॅटरीच्या ॲपवर जुनी ८३ आणि नवी ७९ दाखवते. मागच्या आठवड्यात रात्री जुन्या बॅटरीचे ३८ होते ते एकदम १० झाले आणि पुढच्या काही मिनिटांत सगळं घर अंधारात. शिवाय दोन्ही मिळून १०.२४ युनिटच्या बॅटऱ्या असून घराला रात्रभरात साडेसातच्या आसपासच युनिट मिळतात. एकाने सांगितलं बॅटरी गेली, दुसऱ्याने सांगितलं बॅटरी चांगलीये, आकडा चुकीचा आहे. आता कुणाचं खरं मानायचं?

यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत आणि ते सोडवल्याशिवाय उत्तर सापडणार नाही. टक्क्यांचा आकडा काढतंय कोण, हा पहिला. तो हिशोब खऱ्या शिलकीशी जुळतोय का, हा दुसरा. आणि बॅटरीची मूळ क्षमताच कमी झालीये का, हा तिसरा, पूर्ण वेगळा. लोक पहिल्या दोनांमधली गडबड बघतात आणि थेट तिसऱ्याचा निकाल लावून मोकळे होतात. मी बरीच वर्षं घरगुती सोलरचं काम करतोय, आणि "बॅटरी गेली" म्हणून ज्या घरी मला बोलावलं गेलं त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बॅटरी ठणठणीत होती, बिघाड हिशोबात होता. सगळ्याच ठिकाणी असं नव्हतं हेही सांगतो, त्यामुळे तुमच्याकडे काय आहे ते न बघता मी छातीठोकपणे बोलणार नाही. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बरंच काही कळतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पाण्याच्या टाकीत फ्लोट असतो, पाणी किती आहे ते तो थेट बघतो. बॅटरीत असा फ्लोट नसतो. आत किती चार्ज उरलाय हे थेट मोजणारं काहीच घरच्या सिस्टीममध्ये नसतं. मोजले जातात व्होल्टेज, करंट आणि तापमान, आणि त्यावरून कुणीतरी टक्के काढतं. म्हणजे स्क्रीनवरचा आकडा हा अंदाज आहे, मग तो ६४ असो नाहीतर ८३. अंदाज चांगला असू शकतो, अगदी दोन-तीन टक्क्यांत बसणारा, पण त्यासाठी काही अटी पाळाव्या लागतात.

अंदाज काढायच्या दोन मुख्य पद्धती आहेत, आणि त्यातली व्होल्टेजवरून टक्के काढायची पद्धत तुमच्या प्रकारच्या बॅटरीला जवळपास निरुपयोगी आहे. तुमची ५१.२ व्होल्टची म्हणजे १६ सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे, ३.२ गुणिले १६. या केमिस्ट्रीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं. शांत पडलेल्या सेलचं ३० टक्क्यांना जे व्होल्टेज आणि ७० टक्क्यांना जे व्होल्टेज, त्यात साधारण ०.०५ व्होल्टचा फरक असतो. १६ सेल मिळून पाऊण व्होल्ट धरा. आता लोडचं बघा. सेल, बीएमएस (बॅटरीच्या आत बसून तिच्यावर लक्ष ठेवणारं सर्किट), केबल, जोड असा सगळा मिळून १५-२० मिलिओहमचा रेझिस्टन्स धरला आणि ५० अँपिअर ओढले तर पाऊण ते एक व्होल्ट तिथेच पडतो. म्हणजे अर्धी बॅटरी रिकामी झाल्यावर जेवढा फरक पडायचा तेवढाच फरक नुसती इस्त्री आणि मायक्रोवेव्ह एकदम लावल्यावर पडतो, मग इन्व्हर्टरला कसं कळणार यातलं कुठलं झालंय? त्यात ही केमिस्ट्री अजून एक घोळ घालते, चार्ज करून थांबवली तर व्होल्टेज थोडं वर राहतं आणि डिस्चार्ज करून थांबवली तर थोडं खाली, शिल्लक तेवढीच असली तरी.

आता तुमच्या ६४ कडे येऊ. ॲप बीएमएसचे आकडे दाखवतं, ८३ आणि ७९. इन्व्हर्टर बीएमएसचं ऐकत असता तर त्याने ८३ दाखवले असते, किंवा ७९, किंवा सरासरी ८१. ६४ यातल्या कशातच बसत नाही. म्हणून माझा पहिला संशय असा की तुमचा इन्व्हर्टर बॅटरीशी बोलतच नाहीये, स्वतःच्या मनाने व्होल्टेजवरून टक्के काढतोय, नाहीतर स्वतःच करंट मोजून हिशोब ठेवतोय पण त्याच्या सेटिंगमध्ये क्षमता अजून १०० एएचच भरलेली आहे कारण दुसरी बॅटरी नंतर आली. हे दुसरं मी खूपदा बघितलंय. बॅटरी जोडणारा केबल लावतो, दोन्ही चालू होतात, सगळे खूष, आणि क्षमतेची सेटिंग बदलायची राहून जाते. मग टक्के दुप्पट वेगाने उतरतात.

यातलं कुठलं आहे ते पाच मिनिटांत कळतं. सूर्य मावळल्यावर, चार्जिंग नसताना, इन्व्हर्टरचा आकडा बघून ठेवा आणि दीड-दोन किलोवॅटचं काहीतरी लावा, हीटर, इस्त्री, काहीही. अर्ध्या मिनिटात आकडा ८-१० टक्के खाली आला आणि लोड बंद केल्यावर परत वर चढला, तर तो व्होल्टेजवरून काढलेला आकडा आहे, त्याच्याकडे यापुढे बघू नका. खऱ्या बॅटरीत हीटर बंद केल्यावर चार्ज परत येत नसतो. आकडा हलला नाही पण रात्रभरात ॲपच्या दुप्पट वेगाने उतरला, तर क्षमतेची सेटिंग तपासा.

दोन्ही बाबतीत कायमचा उपाय एकच, इन्व्हर्टर आणि बीएमएस यांच्यात कम्युनिकेशन केबल लावून बॅटरी टाइप लिथियमवर घ्या. कॅन असेल किंवा आरएस-४८५ असेल (ही यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या पद्धतींची नावं), दोघांना समजेल तो प्रोटोकॉल निवडावा लागतो, आणि केबलच्या पिना दोन्ही कंपन्यांच्या मॅन्युअलमधून जुळवून घ्याव्या लागतात, दिसायला नेटवर्कची केबल असली तरी साधी नेटवर्क केबल चालेलच असं नाही. दोन बॅटऱ्या असल्या की एक मास्टर, दुसरी स्लेव्ह, आणि दोघींच्या मध्ये अजून एक लिंक केबल. बॅटरीवर छोटे डिप स्विच असतील तर दोघींचा पत्ता वेगळा सेट केलेला पाहिजे. दोघींचा पत्ता एकच राहिला तर इन्व्हर्टरला एकच बॅटरी दिसते किंवा एरर येतो. हे काम ज्याने बसवलं त्याच्याकडूनच करून घ्या, हट्टाने करून घ्या, कारण नुसत्या आकड्यापुरतं हे नाहीये. चार्जिंग कधी कमी करायचं, कधी थांबायचं हेही बीएमएस त्याच तारेवरून इन्व्हर्टरला सांगतं.

बरं, इन्व्हर्टरचा आकडा बाजूला ठेवला तरी ॲपचा खरा आहे का? इथे दुसरी पद्धत येते. बीएमएस करंट मोजतं आणि जमाखर्च ठेवतं, इतके अँपिअर इतका वेळ आत गेले, इतके बाहेर आले, मग शिल्लक इतकी. पद्धत चांगली आहे, व्होल्टेजपेक्षा कितीतरी चांगली. पण दुकानदाराने रोज वही लिहायची आणि गल्ला कधी मोजायचाच नाही असं केलं तर काय होईल? रोजची दोन-चार रुपयांची चूक महिन्याने मोठी होऊन बसते. इथेही तसंच. करंट मोजताना फक्त ०.१ अँपिअरची चूक धरा. चोवीस तासात २.४ एएच. १०० एएचच्या बॅटरीवर रोज २.४ टक्के, दहा दिवसांत २४ टक्के. आणि ०.१ अँपिअर म्हणजे किती बारीक? ५०० अँपिअर ५० मिलिव्होल्टचा शंट (करंट मोजायचा अगदी छोटा रेझिस्टन्स) असतो त्यावर एका अँपिअरला ०.१ मिलिव्होल्ट मिळतात. त्याच्या दहाव्या हिश्शाची चूक टाळायची म्हणजे १० मायक्रोव्होल्ट अचूक वाचायला पाहिजेत, तेही ऊन-थंडीत वर्षानुवर्षं. स्वतंत्र चांगला शंट मीटर हे बऱ्यापैकी करतो. बॅटरीच्या आतल्या साध्या बीएमएसकडून एवढी अपेक्षा ठेवणं चूक आहे.

याहून मोठी गळती अजून एका ठिकाणी असते आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. बरीच बीएमएस एका मर्यादेच्या खालचा करंट शून्यच धरतात, काहींमध्ये ही मर्यादा अर्धा अँपिअर, काहींत जास्त. आता तुमचा इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच समजा ५० वॅट खातो, ५२ व्होल्टला साधारण एक अँपिअर. बॅटऱ्या दोन, म्हणजे प्रत्येकीतून अर्धा अँपिअर. मध्यरात्री घरात काहीच चालू नसताना हा अर्धा अँपिअर तासन् तास जातो आणि वहीत लिहिलाच जात नाही. दहा तासांचे ५ एएच, म्हणजे प्रत्येक बॅटरीत ५ टक्के एका रात्रीत गायब, आणि आकडा मात्र जागचा हलत नाही. एकच बॅटरी होती तेव्हा हाच करंट एक अँपिअर दिसायचा आणि मोजलाही जायचा. म्हणून दुसरी बॅटरी जोडल्यावर जुनीचे आकडे बिघडले असं वाटत असेल तर ते खरंही असू शकतं, आणि बॅटरी तरीही चांगली असू शकते. खर्च लिहायचा राहिला की वहीतली शिल्लक खऱ्यापेक्षा जास्त दिसते, आणि तुमच्याकडे ३८ चे १० झाले ते याच दिशेने झालंय.

गल्ला मोजायची वेळ म्हणजे फुल चार्ज. बॅटरीचं व्होल्टेज वरच्या टोकाला पोचून करंट अगदी कमी झाला की बीएमएस समजतं की आता १०० झाले, जुना हिशोब पुसा आणि इथून नव्याने सुरू करा. व्होल्टेज फक्त दोन टोकांनाच खरं बोलतं, वर ३.४ च्या पुढे आणि खाली ३.१ च्या खाली. मधल्या पट्ट्यात चुकलेला हिशोब सुधारायला बीएमएसला जागाच नसते. म्हणून बॅटरी जेवढे दिवस फुल होत नाही तेवढा आकडा भरकटत जातो. तुम्ही लिहिलंय की गेले तीनएक आठवडे ढगाळ होते आणि बॅटरी ९० च्या पुढे गेलीच नाही. बघा, तिथेच मला निम्मं उत्तर दिसतंय.

एका घरचा अनुभव सांगतो. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की लिथियम पूर्ण भरली नाही तर जास्त टिकते, म्हणून चार्जिंगची वरची मर्यादा ८५ टक्क्यांवर लावून ठेवली, चार महिने. वाचलेलं चुकीचं नव्हतं, वरच्या टोकाला कमी वेळ ठेवली तर आयुष्याला फायदा होतो. पण चार महिन्यांत एकदाही फुल नाही, त्यामुळे पहाटे ॲपवर ५५ टक्के आणि बॅटरी मात्र रिकामी होऊन बंद. नवी बॅटरी घ्यायची तयारी झाली होती त्यांची. मी मर्यादा काढली, उन्हाच्या दिवशी पूर्ण चार्ज करून वर तीन तास धरून ठेवली, आणि त्या रात्रीपासून आकडा आणि वास्तव जुळायला लागलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की रोज ९० ला थांबायचं तर थांबा, पण आठ-पंधरा दिवसांतून एकदा तरी पूर्ण भरू द्या आणि भरल्यावर लगेच सोडून देऊ नका, तासभर तरी वर राहू द्या. ऊन नसेल तर त्या दिवशी ग्रिडवरून भरा. किती व्होल्टला भरायचं ते तुमच्या बॅटरीच्या मॅन्युअलमध्ये असेल तेच ठेवा, १६ सेलच्या बॅटरीला साधारण ५६ ते ५७ च्या आसपास असतं, पण माझ्या आकड्यावर जाऊ नका, मॅन्युअल बघा.

आता ३८ चे १० का झाले हे नीट बघायला पाहिजे, कारण इथे दोन शक्यता आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. एक म्हणजे वर सांगितली तशी वही चुकली, बॅटरी खरंच रिकामी होत आली होती, खालच्या टोकाला व्होल्टेज घसरलं तेव्हा बीएमएसला जाग आली आणि त्याने आकडा खाली ओढला. दुसरी म्हणजे बाकी पंधरा सेलमध्ये चार्ज शिल्लक होता पण एक सेल आधी संपला. बॅटरी एका ओळीत जोडलेल्या सोळा सेलची असते, एक संपला की सगळी बॅटरी थांबते, बीएमएसला थांबवावीच लागते. आणि पॅरललमध्ये एक बॅटरी बाहेर पडली की सगळा लोड दुसरीवर जातो, करंट दुप्पट, व्होल्टेज पडतं आणि इन्व्हर्टरही हात वर करतो. तुमचं सगळं घर काही मिनिटांत गेलं ते बहुतेक असंच.

कुठली शक्यता खरी हे ॲपमधल्या सेल व्होल्टेजच्या पानावर दिसतं. रात्री आकडा पडतो त्या वेळेला ते पान उघडून स्क्रीनशॉट काढा. सोळाही सेल एकत्र खाली आलेले असतील, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यात ३०-५० मिलिव्होल्टचं अंतर असेल, तर सेल ठीक आहेत आणि हिशोब चुकलाय. एक सेल २.७ वर आणि बाकीचे ३.२ वर असतील तर गोष्ट त्या सेलची आहे. पण तेवढ्यावर सेल खराब म्हणून सांगू नका, आता तोच सेल नंबर दुसऱ्या दिवशी चार्जिंग संपताना बघा. खाली सगळ्यात आधी संपणारा सेल वर सगळ्यात शेवटी भरत असेल, म्हणजे बाकीचे ३.५ ला पोचले आणि हा अजून ३.३५ वर रेंगाळतोय, तर तो सेल कमकुवत नाही, तो फक्त मागे पडलाय. हे असंतुलन आहे आणि बरं होतं. उलट तोच सेल वर बाकीच्यांच्या आधी किंवा बरोबर भरतो आणि खालीही आधी संपतो, तर त्याची क्षमताच कमी झालीये, हे बरं होत नाही, वॉरंटीचा विषय आहे. आणि तिसरं म्हणजे लोड असताना खाली, चार्जिंग असताना वर आणि दोन्ही बंद केल्यावर बाकीच्यांच्या बरोबर, असं दिसलं तर रेझिस्टन्स वाढलाय, कदाचित त्या सेलचा बसबार (सेल जोडणारी धातूची पट्टी) ढिला आहे. एवढी एक जोडी, खालचा फोटो आणि वरचा फोटो, मला टक्क्यांच्या शंभर आकड्यांपेक्षा जास्त सांगते.

असंतुलन निघालं तर धीर धरा. साध्या बीएमएसमधला बॅलन्सर (सगळे सेल एका पातळीवर आणणारा भाग) सेलमागे ५०-१०० मिलिअँपिअरच काम करतो आणि तेही सेल वरच्या टोकाला असतानाच. ५ एएचचा फरक ०.१ अँपिअरने भरून काढायचा म्हणजे ५० तास, आणि बॅटरी दिवसातून एकच तास वर राहत असेल तर ५० दिवस. एका फुल चार्जने काही झालं नाही म्हणून निराश होऊ नका, पाच-सहा उन्हाचे दिवस जास्तीत जास्त वेळ वर धरा आणि अंतर कमी होतंय का एवढंच बघा. असंतुलित बॅटरीत अजून एक फसवणूक होते, एक पुढे गेलेला सेल ३.६५ ला टेकतो, बीएमएस चार्जिंग तोडतं आणि काही मॉडेलमध्ये तिथेच १०० लिहून टाकतं. बाकीचे सेल तेव्हा ९० वर असतात. म्हणजे १०० हा आकडासुद्धा सेल व्होल्टेज बघूनच मानायचा.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर ६४ हा इन्व्हर्टरचा स्वतःचा आकडा दिसतोय, तो सोडून द्या. ८३ आणि ७९ हे बीएमएसचे, जास्त भरवशाचे, पण ढगाळ आठवड्यांत तेही खऱ्यापेक्षा वर गेलेले असणार. दोघींत ४ टक्क्यांचा फरक आहे त्याची काळजी नको, केबलची लांबी किंवा बॅटरीचं वय वेगळं असलं की एवढं चालतं. आणि ३८ चे १० कशामुळे ते सेल व्होल्टेज सांगतील.

आता साडेसात युनिटांचं. हा तुमचा सगळ्यात मोठा घोर आहे असं दिसतंय, म्हणून कागदावर हिशोब मांडू. लेबलवर १०.२४ युनिट. खालचे १० टक्के राखून ठेवले असं धरलं, उरले ९.२. इन्व्हर्टर स्वतः ५० वॅट खातो, संध्याकाळपासून सकाळपर्यंत १४ तास धरले तर ०.७ युनिट तिथे गेले, उरले ८.५. डीसीचं एसी करताना ७ टक्के जातात असं धरलं तर घराला पोचले साधारण ७.९. म्हणजे नव्याकोऱ्या बॅटऱ्यांनाही तुमच्या घरच्या मीटरवर ८ च्या आतच युनिट दिसले असते. तुम्हाला साडेसात मिळतात. मधला फरक अर्ध्या युनिटाहून कमी, आणि मीटरची चूक, रात्रीची थंडी, अर्धवट भरलेली बॅटरी यातलं कुठलंही एक कारण तेवढ्याला पुरतं. हे वाचून तुम्हाला जरा हलकं वाटावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. लेबलवरचे युनिट बॅटरीच्या टर्मिनलवरचे असतात, घराच्या प्लगवरचे नसतात, आणि विकताना हे कुणीतरी समजावून सांगायला पाहिजे, पण फार कमी जण सांगतात.

एक सावधगिरी, माझे ५० वॅट आणि ७ टक्के हे धरलेले आकडे आहेत. तुमच्या इन्व्हर्टरच्या मॅन्युअलमधून खरे घ्या आणि परत मांडा. काही इन्व्हर्टर रिकामे चालताना १०० वॅटपर्यंत खातात, आणि घरचा लोड कायम २०० वॅटच्या आत असेल तर कार्यक्षमता अजून पडते, मग साडेसातही चांगलेच म्हणायचे.

तरीही खात्री करायची असेल तर क्षमतेची चाचणी करा, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फक्त तिच्यातून मिळतं. ॲपमध्ये एसओएच (स्टेट ऑफ हेल्थ, म्हणजे बॅटरीची तब्येत) नावाचा आकडा असतो, ९८ टक्के वगैरे, त्यावर विसंबू नका. बऱ्याच बीएमएसमध्ये तो सायकल मोजून काढलेला असतो, बॅटरी प्रत्यक्ष किती देते ते मोजून नाही. चाचणीसाठी दोन-तीन दिवस रोज पूर्ण चार्ज करून वर धरा म्हणजे सेल जुळतील. मग एका दिवशी सोलर आणि ग्रिड दोन्ही बंद करून, दीड-दोन किलोवॅटचा एकसारखा लोड लावून, बॅटरी फुलपासून खालच्या अलार्मपर्यंत उतरवा. साडेचार-पाच तास जातील. शक्य असेल तर एकेका बॅटरीची वेगळी करा, पण वेगळी करायचं काम माहीतगारावर सोडा. ५१ व्होल्टचा शॉक फारसा लागत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात, पण शॉर्ट झालं तर हजारो अँपिअर वाहतात आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. लोड चालू असताना टर्मिनल सोडायचं नाही. हातातली अंगठी, कडं काढून ठेवायचं.

मोजायचं बॅटरीच्या बाजूला, डीसीमध्ये. इन्व्हर्टरमध्ये बॅटरी डिस्चार्जचे युनिट दिसत असतील तर ते घ्या, पण त्यात चार-पाच टक्के इकडेतिकडे धरा. डीसी क्लॅम्प मीटर असेल तर दर अर्ध्या तासाने करंट आणि व्होल्टेज लिहा, आणि प्रत्येक वेळी तारेला लावण्याआधी मीटर शून्यावर आणा, नाहीतर हीच शून्याची चूक तुमच्या चाचणीत घुसेल. खोलीचं तापमान २०-३० अंश असू द्या. खालचा अलार्म आला की थांबा, पूर्ण बंद पडेपर्यंत ताणू नका, आणि त्याच दिवशी परत चार्ज करा. ९.२ पैकी डीसीला ८.७ च्या पुढे मिळाले तर बॅटऱ्यांबद्दल शांत राहा. ७.५ ते ८.७ असेल तर सेलचे फोटो बघून बोलू. ७.५ च्या खाली आलं आणि सेल जुळलेले होते, तर लिहिलेला कागद आणि फोटो घेऊन वॉरंटी मागा, तेव्हा तुमच्या हातात पुरावा असेल.

ज्यांच्याकडे लीड-ॲसिड आहे त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण ते हे वाचून गोंधळतील. तिथे व्होल्टेज कामाचं असतं, पण बॅटरी चार-पाच तास शांत ठेवल्यावरच, १२ व्होल्टच्या बॅटरीला १२.७ च्या आसपास फुल आणि १२.२ ला निम्मी. लोड जास्त असेल तर क्षमताच कमी मिळते, हे पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडलं. २० तासांच्या हिशोबाने १५० एएच असलेली बॅटरी ५० अँपिअरने ओढली तर १०० एएचच्या आसपासच हाती लागतात, आणि त्यात ती खराब नसते. पाणी घालायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजणारं साधन) घ्या, तोच तिथला खरा साक्षीदार.

तुमच्याकडे परत येतो. नवं काहीही विकत घ्यायच्या आधी हा क्रम ठेवा. आज रात्री हीटरची परीक्षा. पहिल्या उन्हाच्या दिवशी फुल चार्ज आणि वर तासभर, त्या वेळचा दोन्ही बॅटऱ्यांच्या सेल व्होल्टेजचा फोटो. त्याच रात्री उतरत आल्यावर दुसरा फोटो, आणि त्याच वेळी इन्व्हर्टर आणि ॲप यांच्यातलं एकूण व्होल्टेज किती वेगळं आहे तेही लिहून ठेवा, ५० अँपिअरला एक व्होल्टाचं अंतर दिसलं तर केबल बारीक आहे किंवा कुठला तरी जोड ढिला आहे, तो आधी घट्ट करून घ्या. हे होईपर्यंत ॲपवर ४० दिसले की २० समजून वागा आणि रात्री गरजेची उपकरणं तेवढीच चालू ठेवा. घरात कुणाचं वैद्यकीय यंत्र बॅटरीवर चालत असेल तर मात्र वाट बघू नका, कम्युनिकेशन केबलचं काम या आठवड्यातच करून घ्या आणि तोवर ते यंत्र थेट ग्रिडवर ठेवून त्याला वेगळा बॅकअप द्या. चारही फोटो आले की इथेच टाका, जुन्या बॅटरीचे दोन आधी टाका, मी सेल नंबर बघून सांगतो.